डिकी रिकामी पाहिजे

माझं आणि धाकटीचं पटत नाही हे सांगायला कुणा ज्योतिषाची गरज नाही, आमच्या गल्लीतलं कुठलंही माणूस सांगेल. धाकटी म्हणजे माझी जाऊ, दिराची बायको. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात माझ्या हातांकडे बघून म्हणाली, "वहिनी, हे काळं निघतच नाही का?" तेव्हा जी डोक्यात गेली ती गेलीच. पुढे एका लग्नात तिच्या मैत्रिणींना माझी ओळख करून देताना "या आमच्या गॅरेजवाल्या" म्हणाली आणि सगळ्या जणी फिदीफिदी हसल्या. त्यानंतर आम्ही एकमेकींशी कामापुरतं बोलायचो, आणि काम निघू नये याची दोघीही काळजी घ्यायचो.

आमचं गाड्यांच्या काचांचं वर्कशॉप आहे. काचा बसवतो दीर, गिऱ्हाईक आणि माल बघतो माझा नवरा, आणि काच बदलल्यावर कॅमेरा सेट करायचं काम माझं. हल्लीच्या गाड्यांना पुढच्या काचेला, आरशाच्या मागे, एक कॅमेरा चिकटवलेला असतो. तो रस्त्यावरच्या रेषा बघतो, पुढची गाडी बघतो, वेळ पडली तर आपणहून ब्रेक मारतो. काच बदलली की त्याची नजर केसभर सरकते, आणि इथे केसभर सरकली की लांबवर ती शेजारच्या लेनमध्ये जाते. मग गाडी सपाट जमिनीवर उभी करायची, समोर मापून काळ्यापांढऱ्या चौकटींचा बोर्ड लावायचा आणि मशीन जोडून त्याला पुन्हा बघायला शिकवायचं. या कामाच्या ट्रेनिंगला खरं म्हणजे दीर गेला होता. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्याची कॉलर धरून परत आला. मग मला पाठवलं.

त्या दुपारी दोघे भाऊ बसच्या डेपोत मोठी काच बसवायला गेले होते. सासूबाई पुढे काउंटरवर डुलक्या काढत होत्या. मी मागे माझ्या खणात, म्हणजे कॅमेऱ्याच्या कामासाठी पडद्याने आखून घेतलेल्या जागेत होते, तेवढ्यात गल्लीकडचं शटर कुणीतरी वाजवलं. उघडते तर धाकटी, गाडी घेऊन. गाडीची काच दोनच दिवसांपूर्वी दिराने बदलली होती, दगड लागला म्हणून.

"कॅमेरा सेट करून द्या," ती म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"तुझा नवरा तर म्हणाला गरज नाही."

"काल मोकळ्या रस्त्यात आपोआप ब्रेक लागला. पुढे काही नव्हतं. मागचा ट्रक कसाबसा थांबला, आणि मागच्या सीटवर पोरगी होती."

"मग त्यालाच सांग ना. माझ्याकडे कशाला?"

"ह्यांना सांगून आले नाहीये," ती म्हणाली. "दुसरीकडे गेले असते तर त्यांनी लगेच ह्यांना फोन केला असता. तुम्हीही फोन करणार असाल तर सांगा, मी निघते."

मी काही चुगलखोर नाही. फटकळ आहे, ते वेगळं. गाडी आत घे म्हटलं, शटर ओढलं, चारी चाकांतली हवा तपासली. टाकी तिने काठोकाठ भरून आणली होती. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं, कारण ही बाई एरवी लाल दिवा लागेपर्यंत पेट्रोल भरत नाही.

"आता डिकी रिकामी कर."

"राहू दे तशीच."

"तशीच कशी राहू दे? मागे वजन असलं की गाडीचं नाक वर होतं. त्या अवस्थेत शिकवलं तर कॅमेरा वाकडंच शिकतो. मशीन बिचारं पास म्हणतं, आणि वजन उतरवल्यावर तुझा ब्रेक भलतीकडेच लागतो. डिकी रिकामी पाहिजे. माझा नियम आहे."

"तुमचे नियम घरात काय कमी आहेत," असं म्हणत ती डिकीला पाठ लावून उभी राहिली.

मला असल्या नाटकांचा संताप येतो. मी आत वाकून बटण दाबलं, डिकी तिच्या पाठीमागे उघडली. आत दोन मोठ्या बॅगा, पोरीची उशी, गुंडाळलेलं अंथरूण, कुकर, आणि शाळेच्या वर्षभराच्या पुस्तकांचा दोरीने बांधलेला गठ्ठा. सुट्टीला जाताना कुणी कुकर नेत नाही.

खोटं कशाला सांगू, आधी मला आनंद झाला. गेली एकदाची ब्याद, असंच मनात आलं. मग वाटलं की ही निघून गेली तर खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार? माझ्याच. सासूबाई सगळ्या नात्यागोत्यात सांगत सुटणार. म्हणून मी तिला फैलावर घेणार होते, चांगली तोंडावर आलेली होती वाक्यं. पण तिच्या मागेच भंगाराचा रॅक होता आणि त्यात तिच्याच गाडीची जुनी काच उभी होती.

काचेचं काम करणाऱ्या घरात काही गोष्टी बोटांना कळतात. दगड बाहेरून लागतो, म्हणून खड्डा बाहेरच्या बाजूला पडतो. मी त्या काचेच्या बाहेरून हात फिरवला. गुळगुळीत. आतून फिरवला तर बोट अडकलं. खड्डा आतून होता, स्टिअरिंगच्या शेजारच्या सीटसमोर, डोक्याच्या उंचीला.

"हे कशाने?" मी विचारलं.

"पान्याने. मी मान खाली घातली म्हणून काचेला लागला."

"आणि पोरगी?"

"मागे होती." तिचा आवाज जराही हलला नाही. "ती चार वाजता सुटते. तिला शाळेतून घेऊन तशीच हायवेला लागणार आहे. हे डेपोतून परत यायच्या आधी मला निघायचंय. तुम्हाला नसेल करायचं तर तसं सांगा, मी तशीच चालवेन."

मला तिची दया वगैरे आली नाही. राग आला, आणि तो नेमका कुणाचा हे ठरवत बसायला वेळ नव्हता. "तशी कशी चालवशील? हायवेवर मधेच थांबलीस तर पोरीला मारशील," मी म्हटलं. "उतरव सामान."

"भरल्या डिकीने करा ना. कशाला सगळं बाहेर मांडायचं?"

"उतरव म्हटलं ना. आणि कुठे चाललीस ते मला सांगू नकोस. माझ्या पोटात काही राहत नाही."

"सांगणार नव्हतेच," ती म्हणाली.

तिचा सगळा संसार आम्ही दोघींनी फरशीवर मांडला, एकमेकींना धक्का न लावता. मग मी खणाचा करडा पडदा चारी बाजूंनी ओढला. उजेडाची तिरीप आली, माणूस मधून गेलं, तर कॅमेरा गोंधळतो, म्हणून पडदा ओढलेला असला की आत कुणी यायचं नाही. बोर्ड लावला, लेझरची रेषा गाडीच्या मधोमध आणली, मशीन जोडलं. धाकटीला बोर्डाच्या मागे कोपऱ्यात उभं केलं आणि मी पडद्याबाहेर येऊन स्क्रीनपाशी बसले. अर्धं काम झालं असेल, तोच पुढच्या दारातून दीर आत आला. बसची काच चुकीच्या मापाची आली होती, म्हणून नवऱ्याला तिथेच ठेवून हा परत आला होता.

पडदा जमिनीला टेकत नाही. त्याने खालून चाकं बघितली आणि ओळखली.

"माझी गाडी आत का?"

"सेट करतेय. आपल्याकडे काच बदललेली गाडी मी अशी अर्धवट सोडत नाही."

"काच मी बसवलीय."

"आणि नाव वर्कशॉपचं खराब होतं. पडद्याला हात लावू नकोस. सगळं पहिल्यापासून करावं लागेल, मग तूच बस तासभर इथे."

तो पडदा धरून उभा राहिला. मशीनचं त्याला वावडं आहे, हे माझं नशीब. पडदा सोडून त्याने विचारलं, "ती कुठे आहे? फोन बंद येतोय."

त्याच्यापासून चार हातांवर ती उभी होती आणि तिच्या पायाशी तिचा कुकर होता. मी स्क्रीनवरून मानही वर केली नाही.

"मला काय विचारतोस? तुझी बायको माझ्याशी बोलते का?"

आमचं वैर त्याने इतकी वर्षं बघितलेलं, कधीकधी त्यात तेलही ओतलेलं. त्याला ते लगेच पटलं. तेवढ्यात मशीन पास झालं. आता सामान परत डिकीत जायला हवं होतं, आणि सामान आवाज केल्याशिवाय जात नाही. मग मी तोंडाचा पट्टा सोडला.

"गाडी दारात टाकून गेली असेल कुठेतरी मिरवायला," मी मोठ्याने म्हटलं. "तिला काय, आयतं पाहिजे सगळं. घरात एक कप विसळायचा म्हटलं की हिचं डोकं दुखतं. सासूबाईंच्या आजारपणात एक रात्र तरी जागली का? माझ्या हातांना नावं ठेवते. त्याच हातांच्या कमाईवर पहिली दोन वर्षं जेवलीस म्हणावं." पडद्यामागे बॅग घासली, तसा मी आवाज चढवला. "अहंकार तर एवढा, की समोरून आली तर रस्ता आपण सोडायचा. मला गॅरेजवाली म्हणते. बोलावून आण तिला, तोंडावर सांगते."

दीर हसायला लागला. "वहिनी, पाणी प्या जरा," तो म्हणाला. पुढून सासूबाई जाग्या होऊन ओरडल्या की आता काय झालं. डिकी बंद झाल्याचा आवाज त्यांच्या ओरडण्यात बुडाला. मी जे बोलले त्यातला एक शब्दही रचलेला नव्हता, आणि म्हणूनच तो इतका सुरळीत बाहेर पडला.

"आता रोडवर फिरवून आणायची," मी म्हटलं. काही गाड्यांना बोर्डानंतर रेषा आखलेल्या रस्त्यावर एका वेगाने चालवावं लागतं, तेव्हाच कॅमेऱ्याचं शिक्षण पुरं होतं. ही त्यातलीच होती. मापं बोर्डावर घेऊन झालेली असतात, म्हणून तेव्हा डिकीचं वजन आड येत नाही.

"मी नेतो."

"ने. मधे एरर आली तर वाचता येईल का तुला मशीन?"

त्याने तोंड वाकडं केलं. मी पडद्यात शिरले. धाकटी मागच्या सीटपुढे खाली अंग चोरून पडली होती, तिच्यावर गाडीचं कव्हर टाकलं. मग मी पडदा बाजूला सारला, आणि गल्लीकडचं शटर दिरानेच वर ओढून दिलं. "सांभाळून, वहिनी," असंही म्हणाला. मी घाईत क्लच अर्धाच दाबून गिअर टाकला.

कोपरा वळल्यावर कव्हरमधून आवाज आला, "गिअर किती करकरवताय."

"उतरून जा मग," मी म्हटलं.

बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर गाडी एका वेगात सोडली. थोड्या वेळाने डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझला आणि तिथे दिसणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही रेषा हिरव्या झाल्या. शाळेच्या अलीकडे गाडी थांबवली, मशीन काढून घेतलं आणि उतरले. ती पुढे येऊन बसली, सीट ओढली, आरसा नीट केला.

"मघाशी बोललात ते सगळं खरंच वाटतं तुम्हाला?"

"एकूण एक शब्द."

"मलाही तुम्ही कधी आवडला नाहीत," ती म्हणाली. "ह्यांना काय सांगणार?"

"ते मी बघते. सामान उतरवलंस तरी ब्रेक आता नीट लागेल. जा."

तिने आभार मानले नाहीत, आणि मानले असते तर मला ते ऐकवलेही नसते. गाडी शाळेच्या फाटकाकडे गेली. मी मशीन काखेत मारून चालत परत निघाले आणि वाटभर एकच विचार करत होते, की दिराला आत्ता संशय आला तर तो मोटरसायकल काढून तासाभरात तिला गाठेल. त्याला घरी बसवायला हवं होतं.

वर्कशॉपमध्ये नवराही परतला होता. दीर दारातच होता. "गाडी कुठाय?"

"तुझ्या बायकोने नेली. वाटेत भेटली. भांडले मी तिच्याशी, तोंडावर सगळं सुनावलं. मला रस्त्यात उतरवून पोरीला घेऊन निघून गेली. राग शांत झाला की येईल."

मला वाटलं होतं की तो उलटतपासणी घेईल. छे. तो खांदे उडवून म्हणाला, "येईल, जाते कुठे." सासूबाईंनी कपाळावर हात मारला आणि माझा उद्धार सुरू केला. तुझ्या जिभेने घराचं वाटोळं केलं, पोरगी रडत गेली असेल, तुला ना दया ना माया. मी ऐकून घेतलं. त्या जेवढं बोलत होत्या तेवढी गाडी पुढे जात होती. दीर खुर्चीत रेलून चहा पीत बसला, अंधार पडला तरी उठला नाही.

मी खणात बोर्ड पुसत होते, तेव्हा नवरा आत आला. इतकी वर्षं या माणसाच्या शेजारी झोपतेय. तो हळू आवाजात म्हणाला, "काय गं, एवढं काय बोललीस तिला, की पोरीला घेऊन गेली?"

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. त्यात शंकेचा लवलेशही नव्हता. त्यांनी विश्वास ठेवावा म्हणूनच तर मी खोटं बोलले होते, आणि तिघांनीही ठेवला. पण तू असं करणार नाहीस, एवढं एक वाक्य त्यातल्या एकाच्याही तोंडातून निघालं नाही, ते मला फार लागलं.

"तोंडाला येईल ते बोलले," मी म्हटलं. तो मान हलवत बाहेर गेला, आणि मी बोर्ड पुसत राहिले.