शिनारच्या आवाजात

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारे बहुतेक जण हसतात. तुम्हीही खुशाल हसा. मी एक म्हातारी सायगा आहे, कझाकांच्या माळरानावर राहणारे बकरीएवढे हरीण. माझे पाय काटकुळे, डोळे दोन बाजूंना सरकलेले, आणि तोंडापुढे लोंबणारे हे भले मोठे मऊ नाक! एक बाई मला बघून म्हणाली होती, "अल्लानं हत्ती करायला घेतला असेल आणि माती संपली असेल."

पण या नाकाची मला कधी लाज वाटली नाही. उन्हाळ्यात आमचा कळप धावू लागला की धुळीचा डोंगर उठतो. ती धूळ हे नाक गाळून घेते. हिवाळ्यात थुंकी जमिनीवर पडण्याआधी गोठेल अशी हवा असते. ती छातीत जाण्याआधी हे नाक तिला ऊब देते. नाकाने मला कधी फसवले नाही. मी फसले ती कानांमुळे.

माझा जन्म मे महिन्यातला. आमची पाडसे पहिले काही दिवस गवतात निपचित पडून राहतात आणि आया येऊन दूध पाजून जातात. मी दोन दिवसांची असताना लांडग्यांनी कळप उधळला आणि माझी आई परत आली नाही. दुसऱ्या दिवशी शेण गोळा करायला आलेल्या एका बाईचा पाय माझ्यावर पडता पडता राहिला. तिचे नाव शिनार. तिने शेणाची टोपली तिथेच ओतली, मला टोपलीत घातले आणि घरी नेले.

घर म्हणजे माळावरचे एकटे मातीचे घर. तिथे शिनार, तिचा नवरा येरसायिन आणि तिची सासू राहत. सासूला सगळे अपा म्हणत.

"सूनबाई, अगं हे काय उचलून आणलंस?" अपा म्हणाली. "रानातलं लेकरू रानातच असू दे."

"आईवाचून पडलं होतं, अपा. कावळे वरून बघत होते."

येरसायिन वाकून माझ्याकडे बघू लागला. "हे नाक आहे की ओला मोजा? नाव काय ठेवणार हिचं?"

"पुशिक."

"पुशिक? म्हणजे नकटी?" तो पोट धरून हसला. "अगं, हिच्या नाकात आपली चहाची किटली मावेल!"

"बरोबर ठेवलंय," अपा म्हणाली. "वाईट नाव ठेवलं की दृष्ट लागत नाही. तुझ्या बापाचंही नाव असंच होतं, म्हणून सत्तरी गाठली त्यांनी."

मी बकरीच्या दुधावर वाढले. एकदा मला हगवण लागली आणि मान उचलवेना. तेव्हा येरसायिनने मला आपल्या मेंढीच्या कातड्याच्या कोटात, छातीशी बांधून घेतले आणि घोड्यावरून गुरांच्या डॉक्टरकडे नेले. तीन दिवस रोज नेले. त्या कोटाची ऊब मला अजून आठवते, मित्रांनो. म्हणूनच पुढचे सांगताना माझा जीव अडखळतो.

शिनार मला बकऱ्यांसारखी हाक मारायची. "शोरे, शोरे, शोरे! पुशिक!" शेवटचा शब्द ती जरा लांबवायची. मी कुठेही असले तरी धावत यायचे. मग ती मला कुरुतचा एक गोळा द्यायची. दही आटवून, हाताने वळून, उन्हात वाळवलेला तो खारट गोळा. तिच्या प्रत्येक गोळ्यावर तिच्या बोटांचे चार वळ असायचे.

शरद ऋतूत आमच्या लोकांचे कळप दक्षिणेकडे निघाले. तेव्हा तिने कुंपणाचे दार उघडले.

"जा," ती म्हणाली. "इथं राहिलीस तर बकरी होशील."

तिने मला ढकलले आणि पाठ फिरवली. मी कळपात मिसळले. पण आमचा कळप हिवाळ्यात त्याच भागात, टेकडीपलीकडे उतरायचा. शिनार अधूनमधून टेकडीवर यायची आणि हाक मारायची. मी कळप सोडून जायचे, कुरुत खायचे, तिच्या कुशीत नाक खुपसायचे आणि परतायचे. तो पहिला हिवाळा असाच सुखात गेला.

दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी येरसायिनकडे कातडी जाकीट घातलेला एक पाहुणा आला. मी शिनारच्या हातून खात होते आणि ते दोघे थोडे खाली उभे होते. माझे कान लहान असले तरी चांगले आहेत.

"ही मादी," पाहुणा म्हणाला. "हिला शिंगं नाहीत. हिचा काय उपयोग?"

"ही एकटी कुठं असते? नर हिच्यामागेच असतो. कळपातली एकसुद्धा मादी तो लांब जाऊ देत नाही. गेली की मागे धावतो."

"मग झालं की! बायकोला सांग रोज हाक मारायला."

"तिला? बंदूक नुसती दिसली तरी माझंच डोकं फोडेल ती."

दोघेही हसले. आमच्या नरांची शिंगे मेणासारखी पिवळी आणि वळ्यावळ्यांची असतात. दूर कुठेतरी लोक ती दळून औषध म्हणून खातात म्हणे. शिंगांसाठी नर मारणाऱ्यांना पकडणारे पहारेकरी माळावर फिरत असतात, पण माळ फार मोठा आहे.

दुसऱ्या दिवशी येरसायिन शिनारबरोबर टेकडीवर आला. त्याच्या हातात मोबाइल होता.

"मार ना तिला हाक. शहरात ताईला पाठवतो. ती म्हणते, वहिनी रानातल्या हरणाला बोलावते यावर माझा विश्वासच नाही."

"इश्श! या अवतारात?"

"चेहरा नको. नुसता आवाज दे."

शिनारने तरीही डोक्याचा रुमाल नीट केला. लाजून हसली आणि तीनदा हाक मारली. मी तिन्ही वेळा आले.

डिसेंबर लागला. त्या दिवसांत आमचे नर खाणेपिणे विसरतात. त्यांची नाके सुजून आणखी मोठी होतात आणि ते रात्रंदिवस आपला कळप राखतात. आमचा नर मोठा देखणा होता. एके दिवशी दुपारी टेकडीमागून हाक आली. "शोरे, शोरे, शोरे! पुशिक!"

मी धावले. नर मला वळवायला मागे धावला. टेकडी ओलांडली तर पुढे शिनार नव्हती. पेट्रोलचा वास होता. नाक म्हणत होते, थांब. कान म्हणत होते, शिनार आहे. मग एक आवाज झाला आणि माझ्या मागे नर गुडघ्यांवर कोसळला.

दगडाआडून येरसायिन उठला. तोच मेंढीच्या कातड्याचा कोट. मी जागची हलले नाही, कारण त्या कोटाला घाबरायचे मला माहीतच नव्हते. त्याने माझ्याकडे पाहिले, खिशातून कुरुतचा गोळा काढला आणि बर्फावर माझ्यापुढे टाकला. मग सुरी घेऊन तो नराकडे गेला.

आठ दिवसांनी पुन्हा हाक आली. तुम्ही विचाराल, पुन्हा का गेलीस? तुम्हाला आईची हाक ऐकू आली तर तुम्ही काय कराल? मला वाटले, या वेळी ती नक्की असेल. मी तिच्या कुशीत डोके घालीन आणि जे झाले ते तिला कळेल. मी नेहमीपेक्षा वेगाने धावले. कळपाचा नवा नर माझ्या मागे आला आणि तोही पडला. पुन्हा माझ्यापुढे एक गोळा येऊन पडला. त्यावर चार बोटांचे वळ होते.

मित्रांनो, त्या दिवशी मी मनाशी म्हटले, शिनारनेच हे केले. आवाज तिचा आणि गोळाही तिचाच. टोपलीतून घरी नेले ते यासाठीच. दार उघडले तेही यासाठीच. तो गोळा मी चाटलासुद्धा नाही.

थोड्या दिवसांनी खरी शिनार टेकडीवर आली. तिने हाक मारली. मी दूरच उभी राहिले.

"काय झालं गं? रुसलीस?" ती हात पुढे करून दोन पावले चालली.

मी दहा पावले मागे सरले. ती थांबली. मग तिला बर्फात गाडीच्या चाकांचे माग दिसले. ती त्यांच्यामागून चालत गेली. पुढे मुंडके नसलेले धड पडले होते आणि त्याच्या बाजूला, बर्फात, तो गोळा. तिने तो उचलला, हातात फिरवला आणि त्यावरच्या वळांमध्ये आपली चार बोटे ठेवून पाहिली. मग ती कितीतरी वेळ आपल्या घराच्या धुराकडे बघत उभी होती.

तिसरी हाक आली तेव्हा आभाळ स्वच्छ होते. "शोरे, शोरे, शोरे! पुशिक!" मी ठरवले होते की जायचे नाही. पण पाय ऐकेनात. मी टेकडीच्या माथ्यावर पोचले आणि तेवढ्यात डाव्या बाजूने ओरडणे आले.

"पुशिक! येऊ नको! पळ!"

तोही शिनारचाच आवाज! उजवीकडून ती मला गोड बोलावत होती आणि डावीकडून ती मला हाकलत होती. मी मध्ये खांबासारखी उभी. मागून नराची धाप ऐकू येत होती. कान दोन्ही आवाजांना हो म्हणत होते. तेव्हा कुठे मी नाकाचे ऐकले. डावीकडून गोवऱ्यांचा धूर, बकरीचे दूध आणि घोड्याचा घाम. उजवीकडून पेट्रोल. मी वळले आणि माघारी धावले. माझ्या मागून नर आणि अख्खा कळप.

लांब गेल्यावर मी वळून पाहिले. शिनारने घोडा थेट बंदुकीपुढे उभा केला होता. त्या पाहुण्याने दिलेल्या जीपच्या टपावर एक डबी अजून हाका मारत होती. वारा माझ्याकडेच वाहत होता, म्हणून मला त्यांचे सारे बोलणे ऐकू आले.

"बंद कर ते!"

"आधी बाजूला हो. गोळी सुटली असती तर?"

तिने घोड्यावरून उतरून ती डबी उचलली. ती कशी बंद करतात हे तिला माहीत नव्हते. तिच्याच हातात तिचाच आवाज "शोरे, शोरे" करत होता. तिने ती दगडावर आपटली, पुन्हा आपटली. शेवटी माळ शांत झाला.

"अगं, जनावरं आहेत ती," येरसायिन म्हणाला. "हजारोंनी हिंडतात. दोन-चार गेली तर काय बिघडलं?"

"ती माझ्या शब्दावर आली होती."

"मी काय स्वतःसाठी केलं? तुला गाडीतून माहेरी जायचं होतं ना? किती वर्षं तेच ऐकतोय."

"मग मला विचारलं का नाहीस? ताईला पाठवतो म्हणालास. मी रुमाल नीट केला होता रे त्या दिवशी."

त्याने बंदूक खाली केली.

"आता मी आणखी एक हाक मारणार आहे," ती म्हणाली. "पहारेकऱ्यांना."

"घरच्या माणसाला पकडून देणार? लोक काय म्हणतील?"

"त्यांना सांग, बायकोनं दगा दिला. तुलाही कळू दे कसं लागतं ते."

संध्याकाळच्या आत हिरव्या गणवेशातली दोन माणसे येऊन येरसायिनला घेऊन गेली. त्यानंतर त्या घरी येणाऱ्याजाणाऱ्यांची वर्दळ थांबली. पूर्वी वाटेने जाणारा प्रत्येक स्वार तिथे चहाला उतरायचा. आता सगळे घोडे न थांबवता पुढे जात.

एकदा अपा काठी टेकत शिनारबरोबर टेकडीवर आली.

"तुम्हाला धाकट्या मुलाकडे पोचवू का, अपा?" शिनारने विचारले. "इथं माझ्यामुळे तुम्हालाही बोल लागतो."

"येरसायिन माझा मुलगा आहे. मी त्याच्यासाठी रडेन, तू अडवू नकोस," म्हातारी म्हणाली. "पण राहीन तुझ्याजवळच. चल आता, शेळ्यांचं दूध काढायचंय."

दोन वर्षांनी येरसायिन परतला. तो शिनारशी बोलतो की नाही, मला ठाऊक नाही. टेकडीवर तो कधी आला नाही. शिनार मात्र दर हिवाळ्यात येते. ती हाक मारत नाही. तोंडावर रुमाल ओढून घेते, बर्फावर मिठाचा खडा ठेवते आणि निघून जाते. ती दिसेनाशी झाली की मी जाऊन तो चाटते. तिचा काही दोष नव्हता हे मला पुरते कळले आहे. तरीही ती उभी असेपर्यंत माझे पाय पुढे पडत नाहीत. मनाला समजते, पायांना समजत नाही.

मित्रांनो, मी आता फार दिवसांची सोबती नाही. दर वसंतात मी माझ्या पाडसांना आणि नातवंडांना गवतात निजवले आणि एकच गोष्ट शिकवली. लांडग्याची चाहूल लागली तर पळा. पण माणूस गोड आवाजात बोलावू लागला, तर त्याहून जोरात पळा. एक लहानगी मला विचारत होती, "आजी, सगळीच माणसं वाईट असतात का?" मी तिला "हो" म्हटले. ज्या बाईने मला टोपलीत घालून वाचवले, तिच्याबद्दलसुद्धा मी खोटे बोलले, कारण नातीचा जीव वाचायला हवा होता.

तुमच्या दारी एखादे कुत्र्याचे पिल्लू असेल, नाहीतर माझ्यासारखे कुणी विचित्र नाकाचे असेल. त्याला हाक मारण्याआधी एवढे बघा, की ते आले तर तुमच्या पाठीमागे दुसरे कुणी उभे नाही ना. म्हणजे त्याला पुढे आपल्या पिल्लांशी असे खोटे बोलावे लागणार नाही.