बसतो, पण चालत नाही

सासऱ्यांचं आयुष्य नळाच्या सामानाचं दुकान चालवण्यात गेलं होतं. अर्ध्या इंचाचा पाइप पाऊण इंचाला जोडायचा असेल तर मधे रिड्यूसर टाकायचा. आटे नीट बसले की पाणी गेलंच पाहिजे. त्यामुळे जावयाच्या विजेच्या गाडीचा प्लग जुन्या पद्धतीचा आहे आणि तो नव्या चार्जिंग मशीनला बसत नाही, असं लेकीनं सांगितलं तेव्हा त्यांना त्यात काहीच अवघड वाटलं नाही. गाडीच्या कंपनीचा अडॅप्टर मिळायला वेळ लागणार होता. सासऱ्यांनी चौकशी करून दुसऱ्याच कंपनीचा आणला आणि जावयाच्या हातात ठेवला.

"घ्या. आता लावा कुठल्याही मशीनला."

जावई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. माणूस भिडस्त. अडॅप्टर त्यानं दोन ठिकाणी लावून पाहिला. एका ठिकाणी चालला, दुसरीकडे नाही. सासऱ्यांनी विचारल्यावर मात्र "छान आहे" म्हणून मोकळा झाला आणि पहिल्यासारखाच घरच्या सॉकेटवर रात्रभर गाडी चार्ज करत राहिला.

मग लेक बाळंत झाली. मुलगी झाली. जावई दवाखान्यातच मुक्कामाला होता, गाडी चार्जिंगला लावायची आठवण कुणाला राहणार? सासऱ्यांना नेमकी सर्दी झालेली, म्हणून नातीचं तोंडसुद्धा पाहायला मिळालं नव्हतं. तिला घरी आणायच्या दिवशी सकाळीच ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसले. जावयानं त्यांना घेतलं आणि निघाल्यावर त्याचं लक्ष बॅटरीच्या आकड्याकडे गेलं.

"बाबा, वाटेत थोडं चार्ज करावं लागेल."

"मग अडॅप्टर आहे की आपला," सासरे म्हणाले.

एका मोठ्या दुकानाच्या तळघरात चार्जिंगची मशीनं होती. जावयानं मशीनची जाड केबल अडॅप्टरला जोडली आणि अडॅप्टर गाडीला. टक आवाज झाला. मशीनच्या पडद्यावर 'चार्जिंग सुरू' आलं. सासऱ्यांनी मान डोलावली. जरा वेळानं मशीन आपोआप बंद पडलं.

"ढिलं बसलंय," सासरे म्हणाले. त्यांनी स्वतः काढून, फुंकर मारून पुन्हा लावलं. सुरू झालं, पुन्हा थांबलं. केबलच्या वजनानं अडॅप्टर खाली वाकत असेल, असं वाटून सासऱ्यांनी तो दोन्ही हातांनी उचलून धरला. आता जास्त वेळ चाललं. सासरे हलायला तयार नव्हते, नाक पुसायलासुद्धा. तरी ते थांबलंच.

"राहू दे, टॅक्सी करू," जावई म्हणाला आणि अडॅप्टर काढायला गेला, तर तो निघेना. बटण दाबलं, गाडी लॉक केली, उघडली, परत लॉक केली. अडॅप्टर गाडीला घट्ट धरून बसला होता.

जावयानं मशीनवरच्या नंबरला फोन लावला. तिथली बाई म्हणाली, "आमचं मशीन व्यवस्थित आहे. अडॅप्टर कुणाचा आहे?" तिनं अडॅप्टरवाल्यांना विचारायला सांगितलं. अडॅप्टरवाल्यानं विचारलं, "गाडीचं सॉफ्टवेअर अपडेट केलंय?"

"हो, गेल्याच आठवड्यात."

"मग त्यामुळेच असणार."

"आणि केलं नसतं तर?"

"तर तेच कारण असतं. तुम्ही गाडीच्या कंपनीशी बोला."

गाडीच्या कंपनीनं दुसऱ्याच्या अडॅप्टरबद्दल बोलायला नकार दिला. जावयानं फोन खिशात ठेवला.

"कोण काय म्हणालं?" सासऱ्यांनी विचारलं.

"सगळ्यांचं सगळं बरोबर आहे, बाबा."

"मग चूक कुणाची?"

"तेच कळत नाहीये."

आमच्या धंद्यात असं नसतं, असं म्हणायला सासऱ्यांनी तोंड उघडलं, पण शिंक आली.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. दवाखान्यातून सोडलं होतं, खोली रिकामी करा म्हणून मागे लागले होते. गाडी कुठे अडकलीय, एवढंच जावयानं कसंबसं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही तिथेच थांबा. मी आणि आई टॅक्सीनं येतो. रस्त्यातच आहे ते."

तळघरात टॅक्सी उतरली. सासूबाई आधी उतरल्या. त्यांच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ होतं. मागून लेक हळूहळू आली. सासरे पुढे धावले आणि सर्दी आठवून चार पावलांवर थबकले. तिथूनच वाकून पाहू लागले.

"दिसते का?" सासूबाईंनी विचारलं.

"कान दिसतो एक," ते म्हणाले. "छान आहे."

लेक अडॅप्टरकडे बघत होती. "हा का लावलास?" ती नवऱ्याला म्हणाली. "याच्यावर भरवसा नाही, लावायचा नाही, असं तूच म्हणाला होतास ना? मला फोनवर मेसेज आला, चार्जिंग सुरू. मला वाटलं, चुकून लावलास. म्हणून मी दवाखान्यातून फोनवरच बंद केलं."

जावई सासऱ्यांकडे बघेना. सासरे मात्र त्याच्याकडेच बघत होते.

"छान आहे म्हणाला होतात," ते म्हणाले.

"बसतो छान," जावई पुटपुटला.

सासऱ्यांनी नाक पुसलं. "अहो, मला सांगायचं. दुकानात रोज दहा जण माल परत आणायचे. मी कधी कुणावर रागावलो नाही." मग एकदम लेकीकडे वळून म्हणाले, "म्हणजे तू बंद करत होतीस. अडॅप्टर चांगलाच आहे."

"मी एकदाच बंद केलं, बाबा."

"तीनदा थांबलं."

"बाकीचं मला माहीत नाही."

तिनं फोनवरून गाडीचं कुलूप उघडलं. त्याच वेळी सासऱ्यांनी अडॅप्टर जरा वर उचलून ओढला आणि तो सुटून हातात आला. कशानं सुटला, फोनमुळे की ओढल्यामुळे, यावर बापलेकीचं एकमत झालं नाही. जावयानं दोघांच्याही म्हणण्याला मान डोलावली.

केबल जागेवर ठेवल्यावर मशीननं 'चार्जिंग पूर्ण, धन्यवाद' असं दाखवलं. गाडीत आकडा सकाळपेक्षा थोडासाच वाढला होता. घरापुरतं पुरेल, असं जावयानं ठरवलं आणि एसी बंद ठेवला. सासरे तोंडाला रुमाल बांधून पुढे बसले, नात मागे. वाटेत त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं. तिसऱ्यांदा वळले तेव्हा लेक म्हणाली, "झोपलीय, बाबा."

"तिला नाही बघत. मी म्हणतोय, पहिल्यांदा थांबलं तेव्हा तू बंद केलंस, की तिसऱ्यांदा?"

लेकीनं आठवून पाहिलं. तिलाही सांगता येईना.