डॉक्टरांची दाढ आणि मी

मी युजेनॉल बोलतोय. नाव ऐकून दचकू नका. लवंग चावली की जीभ बधिर होते ना, ती करामत माझीच. लवंगेच्या कळीत जन्मलो, तेलातून बाटलीत उतरलो आणि एका दंतवैद्याच्या दवाखान्यात मुक्कामाला आलो.

मी ठणका शांत करतो, जंतूंना आवरतो, पांढऱ्या भुकटीत कालवलं की किडक्या दातात तात्पुरतं सिमेंट म्हणूनही बसतो. पण माणसांची तऱ्हाच न्यारी! ज्यानं आराम पडतो, त्याचाच वास आला की ती दारातूनच मागे फिरतात.

आमचे डॉक्टर रोग्यांना रोज सुनवायचे, "तेल लावून दिवस काढू नका. आणि दुखणं थांबलं म्हणून खूश होऊ नका, आतली नस मेली असेल!"

एक दिवस त्यांचीच दाढ ठणकली. शेजारच्या खुर्चीवर त्यांची थोरली बहीण काम करायची, तीही दंतवैद्यच. तिला नुसतं सांगितलं असतं तरी दाढ वाचली असती. पण ड्रिलचा आवाज दुसऱ्याच्या तोंडातूनच बरा वाटतो. स्वारीनं गुपचूप मला खिशात घातलं आणि माझ्यात भिजवलेला कापसाचा बोळा दाढेत दाबला. अख्ख्या दवाखान्यालाच माझा वास, कुणाला पत्ता लागणार? काही दिवसांनी ठणका थांबला, तर गडी आरशासमोर शीळ घालू लागला! खबरदारी म्हणून बोळा मात्र सोडला नाही. मला फार वाईट वाटलं. दाढ आतून चालली होती आणि मला ओरडता येत नव्हतं.

सुटीच्या दिवशी बिंग फुटलं.

"आज दवाखाना बंद आहे ना? मग तोंडाला हा वास कसला?" बायकोनं विचारलं.

"लवंग खाल्ली."

"घरात लवंग संपून आठवडा झाला. आणि गाल का सुजलाय?"

तिनं तडक नणंदेला फोन लावला. एक्स-रे पाहून ताईनं कपाळाला हात लावला. "अरे, नस कधीच मेलीय. मुळाशी पू झालाय, हाड झिजलंय. आता दाढ काढावीच लागेल. मला सांगायला काय झालं होतं?"

"ताई, आधी नीट बधिर कर हं," एवढंच ते बोलले.

ट्रेमध्ये पडलेल्या दाढेलाही माझाच वास होता.

आता मी बाटलीच्या तळाशी थोडासा उरलोय. मला खुशाल जवळ ठेवा, पण माझं काम दुखणं गप्प करण्यापुरतं. खुर्चीपर्यंत तुमचं तुम्हालाच जायचंय.

परवा एक आजोबा ओशाळून म्हणाले, "डॉक्टर, महिनाभर लवंगेचं तेलच लावत होतो."

आता तोफ डागली जाणार, असं मला वाटलं. पण डॉक्टरांची जीभ हळूच दाढेच्या रिकाम्या जागेकडे गेली.

"बसा," ते म्हणाले. "भीती मलाही वाटते."