पंधरा पौंडांचं खोटं

टायरमधली हवा मोजणारा मी एक जुना गेज आहे, मित्रांनो. तळहातावर मावेल एवढी माझी पितळी डबी, काचेखाली पांढरी तबकडी, तिच्यावर काळे आकडे आणि एक बारीक काटा. खाली हातभर रबरी नळी. नळीचं तोंड टायरच्या व्हॉल्व्हवर दाबलं की हवा माझ्या आत शिरते, काटा हलतो आणि माणसाला कळतं, किती पौंड हवा आहे. माझं सगळं आयुष्य एवढंच. पण एवढ्याशा कामात किती भीती मावते, ते मला शेवटच्या वर्षी कळलं.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून दुकानांच्या फळ्यांवरून फिरत मी हिंगोलीत आलो आणि तिथून कनेरगाव नाक्यावर अल्लाबक्षच्या हातात. हिंगोली-वाशिम रस्त्याला लागून, धाब्यांच्या रांगेच्या टोकाला त्याचं पंक्चरचं दुकान आहे. वर पत्रा, आत कंप्रेसर, दारात जुन्या टायरांची थप्पी. तेव्हा त्याची दाढी काळी होती.

तीस वर्षं मी त्याच्या सदऱ्याच्या खिशात राहिलो. सोयाबीनचे ट्रक, कापसाच्या गाड्या, सेनगावच्या जीपा, नरसीला जाणाऱ्या भाविकांच्या गाड्या, सगळ्यांच्या चाकांना मी तोंड लावलं. संध्याकाळी अल्लाबक्ष मला फडक्यानं पुसायचा. नवे गेज विकायला लोक यायचे, तेव्हा तो मला खिशातून काढून दाखवायचा आणि म्हणायचा, "ह्यानं आजपावतो झूट बोललं न्हाई." ड्रायव्हर माना हलवायचे. त्या वेळी मला फार बरं वाटायचं.

मग यंदाच्या फेब्रुवारीत, तुरीची पोती भरलेल्या एका ट्रकचं चाक बघताना मी त्याच्या हातातून निसटलो आणि जॅकच्या लोखंडावर आपटलो. काच फुटली नाही. अल्लाबक्षनं मला उचललं, फुंकर मारली, काटा शून्यावर आहे हे पाहिलं आणि परत खिशात ठेवलं. पण माझ्या आत एका बारीक चक्राचा दाता सरकला होता. रिकामा असताना मी बराबर शून्य दाखवायचो. हवा भरली की मात्र काटा पुढं पळायचा. टायरमध्ये ऐंशी पौंड असले की मी पंच्याण्णव दाखवायचो.

मित्रांनो, माणसाला ताप आला तर तो कण्हतो. मला कण्हता येत नाही. चाकात हवा कमी, वर ओझं भरपूर, खाली तापलेली सडक, आणि माझा काटा सांगतोय की सगळं ठीक आहे. अशा टायरच्या बाजू दबतात, आतल्या आत घासतात, तापतात आणि एखाद्या क्षणी फुटतात. गाडी दुकानातून निघाली की मी खिशात भीतीनं गप्प पडून राहायचो. संध्याकाळी ती परत दिसली की सुटल्यासारखं वाटायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

एप्रिलमध्ये ते घडलं. थावरा हा जवळच्या तांड्यावरचा तरुण दुसऱ्याच्या मालकीची पिकअप चालवायचा. सकाळी त्यानं आमच्याकडे हवा भरली आणि दुपारी नरसीच्या अलीकडं त्याच्या पुढच्या डाव्या चाकाचा टायर फुटला. पिकअप खड्ड्यात गेली. थावराचा पाय दोन जागी मोडला. मालकानं सांगितलं की पोरगं गाडी चालवता चालवता झोपलं, आणि त्याला कामावरून काढलं. नाक्यावर सगळे तेच बोलू लागले. अल्लाबक्षही म्हणाला की हवा तर मी स्वतः मोजली होती, बराबर होती. मी त्याच्या खिशात होतो. त्याच्या छातीची धडधड मला ऐकू येत होती, पण माझा आवाज त्याला ऐकू जात नव्हता.

मे महिन्यात एका सकाळी दुकानासमोर एक मिनीबस येऊन उभी राहिली. आत पलंग, छोटी शेगडी, पाण्याची टाकी, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. ते एक चालतं घरच होतं. मालक नेमसिंग, सेनगावकडच्या तांड्यावरचा. त्याची सगळी उमर ट्रक चालवण्यात गेली होती. त्याची बायको भिकाबाई हिच्या पाठीचा मणका सरकलेला, तिला तासभरही बसवत नसे. त्यांची मुलगी प्रियंका भोपाळला नर्स होती आणि तिला दिवस गेले होते. आईला झोपून जाता यावं म्हणून नेमसिंगनं जुनी मिनीबस घेऊन तिचं घर केलं होतं.

पण भिकाबाईच्या मनात धास्ती होती. अशा गाडीच्या मागं दोन-दोन चाकं जोडीनं असतात. आतल्या चाकातली हवा गेली तर बाहेरचं चाक गाडी तोलून धरतं आणि ड्रायव्हरला काही कळत नाही, मग तापून दोन्ही फुटतात. नेमसिंगच्या एका सोबत्याचा जीव असाच गेला होता. म्हणून तिनं अट घातली होती की प्रत्येक चाकाची हवा समोर पडद्यावर दिसेल असं यंत्र बसवल्याशिवाय मी भोपाळला निघणार नाही. नेमसिंगनं हिंगोलीहून दोन संच आणले होते. जो पसंत पडेल तो ठेवायचा, दुसरा परत करायचा.

पहिला संच लहान गाड्यांचा निघाला. साठ-पासष्टच्या वर त्याचा आकडाच चढेना, आणि मागच्या चाकांचं तर पुढं पडद्यापर्यंत काही पोचेना. दुसरा मोठ्या गाड्यांचा होता. सहा व्हॉल्व्हवर सहा छोट्या टोप्या फिरवून बसवायच्या, मागच्या चाकांची खबर पुढं पोचवायला मधे एक डबी लावायची आणि पडदा ड्रायव्हरसमोर. अल्लाबक्षनं सहाही चाकांत माझ्या हिशेबानं पंच्याण्णव पौंड हवा भरली आणि टोप्या बसवल्या. पडद्यावर आकडे आले. ऐंशी, एक्क्याऐंशी, ऐंशी, ऐंशी, एकोणऐंशी, ऐंशी.

माझा काटा थरथरला. कुणीतरी पहिल्यांदाच माझं खोटं बोलून दाखवलं होतं.

अल्लाबक्ष हसला. हे डबडं परत करा, म्हणाला, टोप्या सहा आणि सहाच्या सहा खोटं दाखवून राहिल्या. नेमसिंगला ते पटलं. तीस वर्षं या दुकानात त्यानं हवा भरली होती. तो टोप्या काढायला वाकलाही.

भिकाबाई खिडकीशी आडवी पडून ऐकत होती. ती म्हणाली, "भाई, एक बिघडलं असतं तर एकच येगळं दिसलं असतं. सहा जण मिळून एकच खोटं कसे बोलतील?"

अल्लाबक्षचं हसू मावळलं. या गेजवर माझी सारी उमर गेली, तो म्हणाला, आता एका पडद्यानं तो खोटा ठरावा? नेमसिंगही बायकोला म्हणाला की भाईचा शब्द तो शब्द, उगं वाद काहून घालून राहिली. मग एक फेरी मारून बघू, असं त्यानं ठरवलं. वाशिमच्या बाजूला पंधरा-वीस किलोमीटर जाऊन गाडी परत आली. मी अल्लाबक्षच्या खिशात बसून तो प्रत्येक किलोमीटर मोजला. धूळ दिसली आणि गाडी दिसली, तेव्हा कुठं मला धीर आला.

भिकाबाई गाडीच्या दाराला धरून खाली उतरली आणि मागच्या चाकावर तिनं हात टेकवला. लगेच मागं घेतला. "भाई, तव्यावानी तापलंय. माझ्यासाठी न्हाई, माझ्या पोरीच्या लेकरासाठी एकदा दुसऱ्या गेजनं पाहा."

मे महिन्यात टायर तापणारच, असं अल्लाबक्ष म्हणू शकला असता. तो म्हणाला नाही. त्यानं बाईच्या तळव्याकडे पाहिलं, समोरच्या पेट्रोल पंपावर गेला आणि तिथला नवा गेज मागून आणला. चाकं निवल्यावर त्यानं तो एका चाकाला लावला. मग मला लावलं. मग पुन्हा तो. असं सहाही चाकांना केलं. नवा गेज पडद्याशी जुळत होता. मी एकटाच पंधरा पौंड पुढं होतो.

अल्लाबक्ष टायरांच्या थप्पीवर बसला. थोड्या वेळानं त्याचा चेहरा एकदम पांढरा पडला, कारण त्याच्या मुलाची, कलीमची जीप प्रवासी भरून सेनगावला निघाली होती, आणि तिच्या चाकांत सकाळी माझ्याच भरवशावर हवा भरली होती. त्यानं फोन लावला. कलीमनं उचलला नाही. पुन्हा लावला. पाचव्यांदाही नुसती घंटा वाजत राहिली. अल्लाबक्षचे ओठ हलत होते, दुआ चालली होती. मी त्याच्या मुठीत होतो आणि ती मूठ घामानं ओली झाली होती.

वीस मिनिटांनी कलीमचाच फोन आला. तो सेनगावला पोचला होता, जीप सुखरूप होती. अल्लाबक्षनं त्याला जीप जागेवरून हलवू नको म्हणून बजावलं. मग फेब्रुवारीत मी जॅकवर आपटलो होतो ते त्याला आठवलं, आणि तेव्हापासून हवा भरून गेलेल्या ज्यांचे ज्यांचे नंबर होते, त्या प्रत्येकाला त्यानं फोन केला आणि प्रत्येकाला तेच सांगितलं: माझा गेज खोटा आहे, हवा दुसरीकडं बघून घ्या.

नेमसिंगच्या सहाही चाकांत नवा गेज आणि पडदा दोघंही पंच्याण्णव म्हणेपर्यंत हवा भरली गेली. दुसरा संच त्यांनी ठेवून घेतला. भिकाबाई पलंगावर आडवी झाली, तेव्हा तिला दिसेल असा पडद्याचा कोन नेमसिंगनं वळवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अल्लाबक्ष मला घेऊन थावराच्या तांड्यावर गेला. थावरा बाजेवर पडला होता, पाय प्लास्टरमध्ये. त्याची बायको रुपा पाणी घेऊन आली. अल्लाबक्षनं पाणी हातात धरलं, प्यायला नाही. सगळी हकीकत त्यानं खाली मान घालून सांगितली आणि मला बाजेवर ठेवलं. "तू झोपला न्हवता, बेटा. माहा गेज खोटा होता. मी नाक्यावर उभं राहून तुलाच खोटं ठरवलं."

थावराच्या डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळलं. "चाचा," तो म्हणाला, "मी रुपालाबी सांगत होतो, मी जागा होतो. पन सगळे म्हनायले, तं मलाच वाटाया लागलं, झोपलो आसंन."

रुपा दाराला टेकून उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला.

थावरानं मला हातात घेतलं. आता तो मला दगडावर आपटणार, असं मला वाटलं, आणि खरं सांगतो मित्रांनो, मलाही तेच हवं होतं. त्यानं रुपाकडून सुरी मागितली, माझी कड उचकटली, काच काढली आणि नखांच्या चिमटीत धरून माझा काटा उपटला. मग मला अल्लाबक्षच्या हातात परत दिलं. फेकू नका, तो म्हणाला, दुकानात टांगून ठेवा आणि कुणी विचारलं तर सांगा.

अल्लाबक्ष तिथून पिकअपच्या मालकाकडं गेला आणि त्यालाही सांगितलं. मालकानं बघू म्हणून सांगितलंय. थावराचा पाय अजून प्लास्टरमध्येच आहे. भोपाळहून नेमसिंगचा फोन आला, ते पोचले. वाटेत मागच्या आतल्या चाकाचा आकडा उतरू लागला होता, यंत्र वाजलं आणि त्यानं गाडी बाजूला घेतली. खिळा निघाला.

मित्रांनो, तुमच्याकडंही मोजमापाची साधनं असतील, थर्मामीटर असेल, तराजू असेल, घड्याळ असेल. त्यांच्यावर विश्वास ठेवा, पण अधूनमधून ती दुसऱ्याशी ताडून बघा. आणि कुणी तुमच्यापेक्षा वेगळा आकडा सांगितला तर हसण्याआधी एकदा चाकाला हात लावून पाहा.

मी आता दुकानात एका खिळ्यावर असतो. काटा कुठं गेला, असं गिऱ्हाईक विचारतं आणि अल्लाबक्ष प्रत्येकाला सगळं सांगतो, आपली चूक न वगळता. थावराच्या नावापाशी आला की तो मला खिळ्यावरून काढून गिऱ्हाईकाच्या हातात देतो. मग पुढं सांगू लागतो.