डोंग्याले बांधलेला पाय

माहा माणूस गुणवंता डोंगा हाकण्यात सगळ्याइच्या पुढं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार झाली का आमच्या सौंसरकडं कन्हानच्या घाटावर डोंग्याइची शर्यत होये, अन् जिंकणाऱ्याचा नारळ दरसाली आमच्याच घरी ये. त्याची युक्ती साऱ्या घाटाले माहीत होती. उजवा पाय शेल्यानं डोंग्याच्या फळीले बांधायचा, मंग वल्ह्याले जोर येते. त्याचं पाहून सारेच पाय बांधाले लागले. माहा लहाना भाऊ विजय त सगळ्याइच्या आधी.

त्र्याऐंशी साली शर्यतीच्या आदल्या दिवशी माहा माणूस एकटाच सरावाले गेला. मी काठावर धुणं धुऊन राहिली होती. भोवऱ्यात डोंगा उलटला. डोंगा वर, माणूस खाली, अन् पाय बांधलेला. मी बोंबलली, पण आयकाले होतं कोण? शेला फाटला म्हणून हा वर आला, खोकत.

"कोणाले सांगू नोको," म्हणे. "हसतीन लोकं."

माहं डोस्कं सटकलं. "हसू द्या ना. उद्या विजयचा शेला नाही फाटला, त माह्या मायले तोंड कोण दाखवीन? तुमी?"

घरी येऊन हा घोट्याले हळद लावत बसला.

सकाळी पाटील भगवंतराव नारळ घेऊन उभे होते, अन् पोट्टे पाय बांधून राहिले होते. हा पुढं झाला. सालटं निघालेला घोटा दाखोला अन् म्हणे, "काल मी मरता मरता वाचलो. ओली गाठ पाण्यात सुटत नाही. हे खूळ मीच काढलं, आता मीच सांगून राहिलो, सोडा."

"हाराचं भेव वाटून राहिलं काय, बावा?" कोणीतरी म्हणे. सारे हसले. ह्यानं मान खाली घातली नाही. डोंगा कुठं उलटला, कसा उलटला, सारं सांगतलं. मंग एकेकाचे शेले सुटले. विजयनं शेवटी सोडला, तोंड वाकडं करून.

अन् शर्यतीत त्याच भोवऱ्यात विजयचा डोंगा उलटला. तेवढ्यात पोरगा डोंग्याले धरून वर आला.

माहा माणूस तिसरा आला. पण भगवंतरावनं नारळ फोडला अन् पहिला तुकडा त्याच्या हातावर ठेवला. तवापासून शर्यतीच्या आधी पाटील इचारतात, "यंदा कोण वाचलं?" अन् पोट्टे हात वर करून कसे वाचले ते सांगतात. हसत कोणी नाही.

त्या साली आख्खा नारळ काही घरी आला नाही. तो तुकडा आला, तो माह्या मायनं मागून नेला अन् तिच्या देवाजवळ ठेवला. कोणाले हात लावू देल्ला नाही. म्हणे, "माहा विजय हाय तो."