हवेवर उभी गाडी

शेडच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून माना उंचावून बघत होती आणि सगळ्यांची नजर एका पिकअप गाडीच्या मागच्या चाकांवर खिळली होती. इंजिन बंद. आत ड्रायव्हर नाही. किल्ली म्हाताऱ्या आईच्या मुठीत. मागे फरशांच्या जड पेट्या तशाच भरलेल्या.

"ऊठ लेकरा, ऊठ!" फुंकरबाबांनी डोळे मिटून हाक दिली.

गाडीच्या पोटात घरघर सुरू झाली. मागची बाजू हळूहळू वर आली, पेट्यांसकट. गर्दीतून "अगं बाई!" निघालं. बाबांनी थोडं थांबून आवाज मऊ केला, "दमलास रे. बस आता." फुस्स करून गाडी खाली बसली.

"त्याचाच श्वास," आई रडता रडता हसली. "झोपेत असाच सोडायचा."

फुंकरबाबा कशावरही फुंकर मारत. पोटदुखीवर, परीक्षेच्या पेनावर, कोर्टाच्या तारखेवर. गुण आला तर बाबांची कृपा, नाही आला तर तुमचा भाव कमी. असा धंदा कधी बुडत नाही.

ताई गर्दीत घुसली ती अक्षरशः कोपरं मारत. गाडी तिच्या धाकट्या भावाची. महिन्यापूर्वी याच शेडमध्ये, याच गाडीखाली तो गेला होता. ताई लांबच्या गावी शाळेत विज्ञान शिकवायची. अंत्यविधी उरकून ती परत गेली होती. काल वहिनीचा फोन आला, "ताई, लवकर या. हे लोक मला गाडीखाली झोपवणार आहेत."

बाबांना गाडी मठासाठी हवी होती. आई तयार होती. वहिनीने मात्र साफ सांगितलं की गाडी मी देणार नाही, मीच चालवीन आणि घर चालवीन. तेव्हापासून बाबांना साक्षात्कार होऊ लागले. नवऱ्याचा जीव बायकोच्या पायगुणाने गेला. आत्मा गाडीत अडकलाय. बायकोने गाडीखाली झोपावं. त्याने माफ केलं तर गाडी वर राहील.

आणि नाही केलं तर? तेवढं विचारायला कुणाची जीभ रेटली नव्हती.

दोन बायकांनी वहिनीला दंडाला धरून चाकापाशी आणलं होतं. ती गुडघ्यांवर बसली होती, चेहरा पांढराफटक. ताईने तिला हिसका देऊन मागे ओढलं.

"कुणीही गाडीखाली जायचं नाही. माझा भाऊ तसाच गेला."

"बाई, बाजूला हो," बाबा म्हणाले. "हा आत्म्याचा न्याय आहे. इथे शाळेची पुस्तकं चालत नाहीत."

"मग माझं काय बिघडतंय? तुम्ही बोलवा त्याला. मी फक्त गाडीचं तोंड उघडते."

ताईने बॉनेट वर केलं आणि शेजारच्या गॅरेजवाल्या मिस्त्रीकडे हात पुढे केला. "पाना द्या."

मिस्त्रीने बाबांकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, आणि खालमानेने पाना दिला. ताईने बॅटरीची वायर सोडवली.

"आता मारा हाक."

बाबांनी हाक मारली. मग जोरात मारली. मग झग्यात हात घालून खूप जोरात मारली. गाडी जागची हलली नाही.

"काय झालं बाबा? आत्म्याला बॅटरी लागते?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"तू त्याचा श्वास कोंडलास!" बाबा गरजले.

"मी एक वायर काढली. ही बघा, परत लावते. आता दोन्ही हात वर करून बोलवा."

बाबांचा उजवा हात झग्यातून काही निघेना. पुढे उभ्या असलेल्या दूधवालीला राहवलं नाही. तिने मनगट धरून तो खेचला, तर मुठीतून चपटं काळं काहीतरी खाली पडलं.

"हा आमच्या ह्यांचा रिमोट," वहिनी पुटपुटली. "त्या दिवसापासून शोधतेय मी. किल्लीशिवाय चालतो हे ठाऊकच नव्हतं."

त्या दिवशी गाडी उचलायला धावलेल्या गर्दीत बाबाही होते. माणूस मरत असताना त्यांना जमिनीवरची वस्तू दिसली. ताईला त्या क्षणी त्यांचा गळा धरावासा वाटला. पण तिने रिमोट उचलला आणि लोकांकडे वळली.

"गाडीच्या मागे स्प्रिंगांजवळ दोन रबरी फुगे आहेत. कंप्रेसर त्यांत हवा भरतो, गाडी उठते. हवा सोडली की बसते. हा कंप्रेसर किल्ली फिरवल्यावरच चालावा अशी वायर जोडतात. माझ्या भावाने ती थेट बॅटरीला जोडली. मला फोनवर फुशारकीने सांगत होता, की हमाल माल भरतात तेव्हा किल्ली माझ्या खिशात असते, मी जेवायला गेलेला असतो. गाडी बसली तर बाहेरूनच उचलता आली पाहिजे."

तिने बटण दाबलं. घरघर झाली, गाडी वर आली. कोपऱ्यातला तेलाचा रिकामा डबा तिने काठीने चेसिसखाली सरकवला, तिथेच, जिथे वहिनीला झोपवणार होते.

दुसरं बटण. फुस्स.

डबा करकरत चेपत गेला आणि पार सपाट झाला.

"यांना नुसतं घाबरवायचं असेलही," ताई म्हणाली. "पण एवढं वजन कुठे थांबेल, हे यांच्या बोटाला कळणार होतं का?"

"मग माझा मुलगा कसा गेला?" आईने विचारलं.

ताईने मिस्त्रीकडे पाहिलं. तो आईसमोर आला.

"पाईप सांध्यातून निसटली होती, आजी. हवा गेली. तो खाली वायर बांधत होता आणि गाडीला टेकू लावला नव्हता. पाईप नंतर मीच बसवली."

"आणि महिनाभर बोलला नाहीस?" आई म्हणाली.

"बाबांच्या वाटेला कोण जाणार?"

आई जमिनीवर बसली. मांडीवर हात आपटत म्हणाली, "मग रोज इथे बसून मी बोलत होते ते कुणाशी?"

ताईला खोटं सांगावंसं वाटलं. फार वाटलं. तिने आईला जवळ घेतलं.

"हवेशी, आई. तो गेला. सूनबाईचा त्यात काही दोष नाही."

आईने ताईच्या खांद्यात तोंड खुपसून हंबरडा फोडला. मुलगा गेला त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती.

दूधवालीने आणि आणखी दोघांनी बाबांना चौकीवर नेलं. बाकीची गर्दी पाय न वाजवता निघाली. वहिनीला दंडाला धरून आणणाऱ्या बायकांपैकी एक दारात घुटमळली.

"आम्हाला काय माहीत गं," ती म्हणाली.

वहिनी अजून चाकापाशीच उभी होती. दंडावर बोटांचे वळ होते.

"माहीत नसणं हा गुन्हा नाही," ती म्हणाली. "पण मला खाली झोपवायला निघालात, तेव्हा एवढ्या माणसांत एकानेही विचारलं नाही की ही गाडी उभी कशावर आहे. पुढच्या वेळी विचारा. माझ्या जागी दुसरी कुणी असेल, तेव्हा तरी विचारा."