वाघाला शड्डू

जेवण उरकलं, की हंबीररावांची एकच फर्माईश असायची. "क्रांती, वाच की गं. आज काय म्हणतंय पब्लिक?"

आणि क्रांती ओढणीला हात पुसत, मोबाइल घेऊन सासऱ्यांसमोर बसायची.

'सावजदरी' पिक्चर लागून आठवडा झाला होता. संस्थानाच्या काळातली गोष्ट. गगनबावड्याच्या रानात एक जनावर माणसं उचलून नेतंय, आणि जनावराच्या आडून भलताच कुणीतरी डाव साधतोय. कसबा बावड्याचे हंबीरराव त्यात गावचे कोतवाल झाले होते. शूटिंगवाल्यांनी मिशी बघूनच त्यांना निवडलेलं. काम एवढंच: जनावर झेप घेतं, कोतवाल मरतो. जनावर मागाहून कॉम्प्युटरवर घालणार होते, त्यामुळे समोर नुसती हवा. पण माणूस तालमीत वाढलेला. "आलं, आलं अंगावर!" अशी आरोळी उठली आणि त्यांचा हात आपसूक मांडीवर पडला. शड्डू ठोकून ते हवेला भिडले, पाय धरून पट काढायला वाकले, आणि मग एकदम आठवल्यासारखे मेले. दिग्दर्शकानं ते तसंच ठेवलं. हंबीररावांना वाटलं, पसंत पडलं.

थेटरात त्या जागी लोक हसून लोळायचे. शिट्ट्या पडायच्या. कुस्तीच्या मैदानात शिट्टी म्हणजे शाबासकी. हंबीररावांनी ती तशीच घेतली.

मोबाइलवर फिरणाऱ्या त्या प्रसंगाच्या तुकड्याखाली मतांचा ढीग पडत होता. सगळं मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. ती अक्षरं हंबीररावांना लागत नव्हती, आणि तेवढ्यावरच क्रांतीचं निभावत होतं.

'म्हातारा वाघाला म्हणतोय, आधी माती लाव.'

'रहस्य कसलं, दिवाणच खुनी आहे हे पहिल्या गाण्यात कळतं. पण शड्डू आजोबासाठी परत बघणार.'

'पिक्चर डब्बा. म्हाताऱ्याला खाल्लं तिथं पैसा वसूल.'

क्रांती ओठ ओले करायची आणि वाचायची, "कोतवालाच्या डोळ्यांत खरं मरण दिसलं." मग जरा थांबून, "कुरुंदवाडचे एक गृहस्थ लिहितात, कोतवाल गेला तेव्हा आमच्या मंडळींना रडू आवरेना."

"कुरुंदवाडचं व्हय?" हंबीरराव मिशीवरून हात फिरवायचे. "जाणकार माणसं हैत तिथली."

सासूबाई गेल्यापासून हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. आता सकाळी उठून दाढी करत होता, चार घास जास्त खात होता. क्रांती एवढंच बघत होती. तिचा नवरा आदर्श म्हणाला, "अगं, कळलं तर?" ती म्हणाली, "मी असताना कसं कळेल?" चार वर्षांच्या यशराजच्या हाती तिनं मोबाइल द्यायचंही बंद केलं होतं. पोर ऐकेल ते बोलत होतं. कुठूनही काही घरात शिरू नये म्हणून ती डोळ्यांत तेल घालून होती.

पण घरातून कोण बाहेर पडेल, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

रविवारी दुपारी हंबीररावांनी फेटा बांधला आणि यशराजचं बोट धरलं. "थेटरावर जाऊन येतो. शो सुटताना दारात हुबा ऱ्हायतो जरा."

"कशाला मामा? ऊन केवढं आहे!"

"कशाला म्हंजे? लोकं रडाय लागल्यात माझ्यापायी. त्यास्नी दिसाय नको, माणूस जित्ता हाय म्हणून?"

"गर्दीत यशराजला कुठं नेताय?"

"आबाचं नाव कळू दे की त्याला. तूच वाचून दाखीवतीस न्हवं?"

खरं सांगायची हीच वेळ होती. तिनं यशराजच्या डोक्यावर टोपी घातली आणि फाटक लावून घेतलं. मग घरात जीव लागेना, तशी गाडी काढून मागोमाग निघाली.

ती पोहोचली तेव्हा शो सुटला होता. माइक घेतलेला एक पोरगा लोकांना अडवून मतं विचारत होता.

"पावणं, कसा वाटला पिक्चर?"

"रान झ्याक दावलंय. वाघ मात्र मांजरागत पळतोय."

"आन् रहस्य?"

"कसलं रहस्य? आम्हाला एकच रहस्य, त्यो कोतवाल वाघाला कुठला डाव टाकाय निघाल्ता!"

हशा पिकला, आणि त्या हशातच कुणीतरी ओरडलं, "आरं, त्यो बघा, शड्डू आजोबा!"

गर्दी वळली. क्रांती पुढं घुसायला बघत होती, पण खांद्याला खांदे भिडलेले. हंबीरराव दोन्ही हात जोडून उभे होते, तोंडभर हसत. "कुरुंदवाडचं कोण हाय काय हितं?" त्यांनी विचारलं.

"मी हाय की आजोबा!" गर्दीतला एक पोरगा डोळा मारत पुढं झाला. "लई रडलो बघा. एकदा समोर दावा की मरून."

"आत्ता?"

"मग! वाघ मी हुतो."

तो पोरगा चार पायांवर झाला, गुरगुरला. हंबीररावांनी फेटा काढून यशराजच्या हातात दिला. शड्डू घुमला. मोबाइल वर झाले. म्हातारा फुटपाथवर कोसळला, आणि लोक ओरडले, "वन्स मोअर!" तो उठला, पुन्हा मेला. तिसऱ्या खेपेला उठायला कोपर टेकलं तेव्हा ते सोललेलं होतं. तरी हसत होता.

माइकवाला यशराजजवळ उकिडवा बसला. "तू सांग बाळा, तुला काय आवडलं?"

यशराजनं सगळीकडं बघितलं. सगळे हसत होते, म्हणून तोही हसला. "आबाला खाल्लं ते!"

गर्दी उसळली. कुणी त्याला खांद्यावर घेतलं, कुणी टाळी दिली. खाली पडलेल्या हंबीररावांचं हसू तेवढं तोंडावर राहिलं, डोळ्यांतून निघून गेलं. ते एकेका चेहऱ्याकडं बघू लागले, पहिल्यांदाच बघावं तसे.

तेवढ्यात क्रांती पुढं आली. माइक तिच्या तोंडाशी.

"ताई, तुमचं मत? कोतवाल कसा वाटला?"

सासरे जमिनीवरून बघत होते. तिच्या जिभेवर जे रोज यायचं तेच आलं. "कोतवालाच्या डोळ्यांत... खरं मरण दिसलं."

असा हशा फुटला की समोरच्या टपरीवरचे लोक उठून आले. "ताई, एक नंबर टोला!" माइकवाल्याचे डोळे भरले हसून.

हंबीरराव मात्र हसले नाहीत. ते हळूहळू उठून बसले.

"म्हंजे ती समदी तूच हुतीस," ते म्हणाले. "कुरुंदवाडचं बी."

"मामा, घरी चला. कोपर बघा केवढं..."

"रोज समोर बसून. पोराची आन घातली असती, तरी तसंच वाचलं असतंस."

"तुम्ही जेवत नव्हता मामा!"

"मग माझ्या ताटात काय वाढत हुतीस, बघ." त्यांनी तिचा हात झटकला आणि गुडघ्यावर हात देऊन उभे राहिले. "तू जा. ही माणसं तोंडावर तरी हसत्यात."

त्यांनी वाघ झालेल्या पोराला बोट केलं. "ये रं. झेप नीट घे ह्या बारीला."

शड्डू घुमला. क्रांतीनं यशराजला त्या खांद्यावरून ओढून घेतलं आणि गर्दीतून वाट काढू लागली. पोर तिच्या कडेवर लाथा झाडत होतं, मागं वळून हात पसरत होतं आणि रडून सांगत होतं, अजून बघायचंय, आबा अजून मरायचाय.